पहिल्या पातळीवरचा जादूगार जिवंत ठेवताना

मे महिन्यात नागपूरची दुपार घराबाहेर पडू देत नाही. अशा वेळी कूलरसमोर बसून १९९८ सालचा ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्याने जादूगार निवडला असेल, तर सुरुवात फार जपून करावी. पहिल्या पातळीवर साध्या जादूगाराकडे जेमतेम चार-सहा प्राणगुण (किती इजा सोसून जिवंत राहता येते, त्याचा आकडा) असतात, आणि विश्रांती घेईपर्यंत एकच मंत्र वापरता येतो. मंत्राची ती एकमेव जागा ‘मॅजिक मिसाइल’ या इजा करणाऱ्या मंत्राला देण्याचा मोह होतो, पण माझ्या मते तेथे ‘स्लीप’ हा झोपवणारा मंत्र भरावा, कारण त्याने कोबोल्ड किंवा गिबरलिंग या किरकोळ राक्षसांचा अख्खा घोळका एकदम निपचित पडू शकतो आणि झोपलेल्या शत्रूवरचा वार चुकत नाही. चालत्या सांगाड्यांच्या रूपातल्या शत्रूंवर मात्र हा मंत्र चालत नाही.

मंत्रोच्चार चालू असताना इजा झाली, तर मंत्र वाया जातो; म्हणून चिलखतधारी सोबत्यांना पुढे ठेवावे, जादूगाराला मागे उभे करावे आणि मंत्र संपल्यावर त्याच्या हाती गोफण द्यावी. मंत्र लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळीवरून नवा मंत्र शिकण्यापूर्वी खेळ सेव्ह करावा, कारण प्रयत्न फसल्यास गुंडाळीही नष्ट होते. (भर उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, हे सेव्ह करण्याचे आणखी एक कारण.)