टॅक्सचा फॉर्म आणि सॉफ्टवेअर निवडताना छोट्या धंदेवाल्यांनी या चुका टाळा

सॉफ्टवेअर आधी घेऊ, मग ते विचारेल ते भरत जाऊ, असं बरेच दुकानदार करतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तुमचा धंदा कशात बसतो हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं, ते तुम्हीच ठरवायचं असतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे सरसकट आयटीआर-4 (इन्कम टॅक्स रिटर्नचा एक फॉर्म) भरणं. सोपा फॉर्म आहे, मान्य, पण तो इन्कम टॅक्सच्या ४४एडी कलमासारख्या अंदाजे नफ्याच्या (४४एडीत विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरतात) योजनेत बसणाऱ्यांसाठी आहे आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत लागतं. इन्शुरन्स एजंटचं कमिशन, दलाली हे ४४एडीमध्ये चालतच नाही, तिथे आयटीआर-3 भरा. कुठल्या कंपनीत डायरेक्टर असाल किंवा एफ अँड ओचा (शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्स सौद्यांचा) लॉस पुढच्या वर्षी न्यायचा असेल तरी आयटीआर-3च. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर आयटीआर-5. चुकीचा फॉर्म गेला की डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस येऊ शकते, आली तर घाबरू नका, दुरुस्तीला १५ दिवस मिळतात, पण पोर्टलवर दिलेला ईमेल चालू पाहिजे नाहीतर नोटीस आलेली कळतच नाही.

आता रोख आणि यूपीआय. ४४एडीमध्ये बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा दाखवायचा आणि रोखीवर ८ टक्के. समजा किराणा दुकानाची वर्षाची विक्री ४० लाख, त्यातले ३० लाख क्यूआर कोडवरून आले, तर १.८० लाख आणि ०.८० लाख मिळून २.६० लाख झाले. पण बिलिंगमध्ये प्रत्येक बिल डिफॉल्टने कॅश पडत असेल तर तेच ३.२० लाख होतात, म्हणजे ६० हजार उगाच जास्त! म्हणून बिल करतानाच पेमेंट मोड नीट टाकायची सवय लावा, मार्चमध्ये बसून स्टेटमेंट आणि बिलं जुळवत बसणं फार वाईट काम आहे. (खरा नफा याहून जास्त असेल तर तोच दाखवायचा, हे विसरू नका.)

आणि एक, एखाद्या वर्षी ४४एडी सोडायचं असेल तर सीएशी बोलल्याशिवाय सोडू नका, ५ वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची ५ वर्षं परत घेता येत नाही. जुनी टॅक्स रिजीम हवी असेल तर धंदा असणाऱ्यांना १०-आयईए फॉर्म मुदतीच्या आत भरावा लागतो, रिटर्नमध्ये नुसती टिक करून भागत नाही.

जीएसटीत कंपोझिशन (छोट्यांसाठीची, विक्रीवर ठरावीक दराने टॅक्स भरायची योजना) घेतलंय आणि सॉफ्टवेअर टॅक्स इन्व्हॉइस (टॅक्स वेगळा लावलेलं बिल) छापतंय हे तर खूप वेळा दिसतं. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही, त्याने बिल ऑफ सप्लाय (टॅक्स न लावलेलं बिल) द्यायचं, दर तिमाहीला सीएमपी-08 हा टॅक्स भरायचा फॉर्म आणि वर्षाला जीएसटीआर-4 हे रिटर्न भरायचं. सॉफ्टवेअरच्या कंपनी सेटिंगमध्ये रेग्युलरऐवजी कंपोझिशन निवडलंय का ते आजच बघा. आणि कोल्हापूरहून बेळगावला किंवा पणजीला माल पाठवायचा असेल तर कंपोझिशन घेऊच नका, परराज्यातली विक्री त्यात चालत नाही.

रेग्युलरवाल्यांचा, म्हणजे कंपोझिशन न घेतलेल्यांचा, त्रास वेगळा. आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा टॅक्स) लागायला हवा तिथे सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) पडतो, कारण पार्टी मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या गिऱ्हाइकांच्या यादीत) राज्य घातलेलंच नसतं आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना महाराष्ट्रातलं धरतं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा, २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा. चुकीचा टॅक्स भरला गेला तर बरोबरचा परत भरून चुकीच्याचा रिफंड मागावा लागतो, तोवर पैसे अडकून पडतात.

सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी डेमोमध्ये एकच बिल शेवटपर्यंत करून बघा, त्याचं रिटर्नही काढा, रिटर्नची जेएसओएन फाइल (पोर्टलला लागते त्या प्रकारची) पोर्टलवर चढते का आणि तुमचा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का ते विचारा. डेटा बाहेर निघत नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आणि महिन्याला दहा-वीसच बिलं असतील तर विकतचं काही लागत नाही, जीएसटीचं ऑफलाइन टूल आणि इन्कम टॅक्स पोर्टलची युटिलिटी दोन्ही फुकट आहेत.