प्लवकातील शीर्षपाद पिल्ले कशी ओळखावीत?
प्लवकाच्या (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या) नमुन्यात काही मिलिमीटर लांबीचे शीर्षपाद (ऑक्टोपस, स्क्विड, कटलफिश यांच्या गटातील) पिल्लू आढळल्यास आधी त्याचे बाहू सूक्ष्मदर्शकाखाली मोजावेत. साधारण सारख्या लांबीचे आठच बाहू आणि पिशवीसारखे गोलसर धड असल्यास ते बहुधा ऑक्टोपसचे असते. बाहूंखेरीज दोन शुंडके (भक्ष्य पकडण्याचे वेगळे अवयव) आणि धडाच्या मागील टोकाशी इवलेसे पर (पोहण्याचे पंखासारखे अवयव) दिसल्यास ते स्क्विडचे समजावे. मात्र काही स्क्विडांच्या पिल्लांत ही दोन्ही शुंडके सोंडेसारखी एकत्र जुळलेली असतात, आणि नवशिक्याची मोजणी नेमकी तेथेच चुकते. कटलफिशचे पिल्लू प्रौढाचीच छोटी प्रतिकृती असून ते बहुधा तळालगत राहत असल्याने प्लवकजाळ्यात क्वचितच येते. त्वचेवरील रंगपेशींची मांडणी ओळख पटवण्यास फार मोलाची ठरते, म्हणून नमुना परिरक्षक द्रवात टाकण्यापूर्वीच तिचे छायाचित्र घ्यावे.