काम संपलंय आणि सुट्टीला अजून तीन तास, मग काय करायचं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला नाहीतर पॅकिंगला महिना पगारावर असाल तर हे रोजचंच आहे, सूत आलं नाही, माल घेणाऱ्या पार्टीनं रंगाची शेड ओके केली नाही, लाईट गेली, की हातातलं काम संपतं आणि घड्याळ काही पुढं सरकत नाही. मागावरच्या माणसाला मजुरी कापडावर, माग थांबला की त्याचा पैसाच थांबतो, त्याचं दुखणं वेगळं आणि मोठं. आपला पगार चालू असतो म्हणून आपल्याला अपराधी वाटतं, आणि कुणी "काय बे, नुसता बसलायस का" म्हटलं की उगीच फाईल उघडून बसायचं.

आधी ते अपराधीपण सोडा. काम आलंच नाही तर तुम्ही आळशी कसे? अँड्र्यू ब्रॉडस्की आणि टेरेसा अमाबिले या संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेतल्या नोकरदारांवर अभ्यास छापला, सगळ्याच प्रकारच्या नोकऱ्यांत असा रिकामा वेळ निघाला, तिथले मालक वर्षाला अंदाजे १०० अब्ज डॉलर पगार त्याच्यावर देतात. त्यातच दिसलं की पुढं काम नाही हे कळलं की माणूस हातातलं काम हळू करतो, आणि संपत आलं की अजूनच हळू.

म्हणून काम ताणू नका. माल पाठवायची तासाभराची चलनं तीन तास पुरवली की डोकं जास्त शिणतं, आणि साहेबांना वाटतं ह्याला एवढाच वेळ लागतो. काम झालं की सरळ जाऊन सांगा, पण सांगताना कारण, वेळ आणि पुढचं काम तिन्ही सांगा: "साहेब, चलनं झाली, सूत चारला येतंय, तोवर जुनी येणी काढू का?" नुसतं "काम नाही" म्हटलं की हातात झाडू येतो.

ह्यासाठी वहीच्या मागच्या पानावर सवडीच्या कामांची यादी ठेवा, येणी, स्टॉक जुळवणी, टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधलं न येणारं काहीतरी शिकणं. आणि काम कधी थांबलं, कशामुळं, किती वेळ, हे पण रोज लिहा, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण महिनाअखेरीला एकच टेम्पोवाला दरवेळी उशीर करतोय असं निघालं तर साहेबांना दाखवायला तुमच्याकडं काहीतरी असतं, तोंडी तक्रार कोण ऐकतंय.

मे महिन्यात गाडी भरून आलेला माणूस सावलीत बसून पाणी पितोय तो रिकामा वेळ धरू नका, ती विश्रांती आहे.

आणि सुपरवायझर असाल तर काम लवकर संपवणाऱ्याला दुसऱ्याचं काम लादू नका, पुढच्या वेळी कुणीच लवकर संपवणार नाही. मशीनपासून लांब बसून मोबाईल बघितला तर चालेल हे आधीच सांगून टाका, त्याच अभ्यासात काम झाल्यावर इंटरनेट बघायला मिळणार हे माहीत असलेल्यांचा वेग तेवढा पडला नव्हता.