हौशी लेथवाल्यांनो, आधी टूल घासायला शिका

घरी छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन) घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला येणारे बहुतेक जण सगळं बजेट मशीनवरच लावून बसलेले असतात. मग ड्रिल पकडायचा चक, भोकाची सुरुवात करायचं सेंटर ड्रिल, मोजमापाचे व्हर्निअर आणि मायक्रोमीटर कशातून घेणार? निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवा, आणि तोही एकदम उडवू नका. एम६ चे (६ मिमी बोल्टचे) आटे पाडायचेत? मग तेवढा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि ५ मिमीचं ड्रिल आणा. पन्नास नगांचे चकचकीत सेट निम्मे तसेच गंजतात.

कार्बाइड इन्सर्टच्या (टूलवर बसवायच्या तयार कठीण टोकांच्या) नादी सुरुवातीला लागू नका. त्यांना वेग आणि दणकट मशीन लागतं. हलक्या लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, थरथरतो आणि इन्सर्टचं टोक उडतं. एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) चौकोनी टूलबिट घ्या आणि बेंच ग्राइंडरवर स्वतः धार लावा. पुढचा आणि बाजूचा क्लिअरन्स, म्हणजे धारेखालचा तिरपा उतार, ८ ते १० अंश पुरे. बिट तापला की पाण्यात बुडवा. बिघडला तर परत घासा, तोटा काहीच नाही.

धार चांगली असूनही फिनिश येत नसेल, तर सेंटर हाइट बघा, म्हणजे टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीला आहे का ते. मशीन बंद ठेवून गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये सहा इंची स्टील पट्टी उभी, हलकेच दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली की टूल सेंटरला आहे. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. खाली असेल तर टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवा. फेसिंग (जॉबचं तोंड सपाट कापणं) केल्यावर मधोमध बारीक टोक शिल्लक राहत असेल, तरी दुखणं हेच.

सरावाला बांधकामाची सळई वापरू नका, तिच्यावर भल्याभल्यांना फिनिश मिळत नाही. ईएन१ए (सहज कापलं जाणारं स्टील) किंवा अ‍ॅल्युमिनियमचा बार आणा. माइल्ड स्टीलला एचएसएसने मिनिटाला ३० मीटर वेग धरला, तर २५ मिमी व्यासाला साधारण ३८० आरपीएम (मिनिटाला फेरे) येतात. नवख्याने त्याहून थोडं कमीच ठेवावं.

हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही. जॉब पकडणाऱ्या चकची चावी चकमध्ये सोडायची नाही, अगदी क्षणभरसुद्धा. यात चर्चेला जागा नाही.

शिकायला व्हिडिओ भरपूर आहेत, पण आयटीआयच्या टर्नर ट्रेडची पुस्तकं जास्त कामाची. दोन वर्षांचा अभ्यासक्रम क्रमाने मांडलेला असतो. जवळच्या जॉबवर्कवाल्याकडे शनिवारी जाऊन उभं राहा, चहा पाजा, नुसतं बघा.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहे, पुण्यात जुना बाजार. जुना मायक्रोमीटर घेताना बंद करून शून्य जुळतंय का बघा आणि पूर्ण उघडून परत फिरवा. मधेच कुठे जड लागला तर स्वस्तात मिळाला तरी ठेवून या.