पाव गिनी विकत घेताना या चुका टाळा

गिनी हे इंग्लंडचे जुने सोन्याचे नाणे. इंग्लंडच्या टांकसाळीने त्याच्या पाव किमतीची पाव गिनी दोनच सालांची पाडली: पहिल्या जॉर्जच्या कारकिर्दीत १७१८ मध्ये आणि तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत १७६२ मध्ये. सव्वापाच शिलिंगांचे हे नाणे चांदीच्या नाण्यांची चणचण भागवण्यासाठी निघाले, पण इतके चिमुकले की लोकांना ते सांभाळणेच अवघड गेले. म्हणून सर्वांत आधी साल वाचावे. इतर कोणतेही साल असल्यास ती पाव गिनी नव्हे. १७९७ ते १८१३ या काळातील असेल, तर बहुधा मागे मुकुट असलेली सात शिलिंगांची तृतीयांश गिनी हातात आहे, आणि खाली निमुळती होत जाणारी ढाल दिसल्यास, अर्ध्या गिनीइतकीच पत्त्यांच्या डावातील पितळी टिकलीचीही शक्यता धरावी.

नाण्यावर किंमत लिहिलेली नसते, त्यामुळे आकारावरून अंदाज बांधला जातो आणि तिथेच फसगत होते. पाव गिनीचा व्यास सुमारे १६ मिमी, तृतीयांशाचा १७ मिमी. एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. वजन मात्र स्पष्ट बोलते: पहिलीचे सुमारे २.०९ ग्रॅम, म्हणजे जेमतेम सतरा गुंजा, तर दुसरीचे २.८ ग्रॅम.

सोने आपल्या ओळखीच्या ९१६ कसाचे, म्हणजे २२ कॅरेटचे आहे. ते तपासण्यासाठी अनेक जण नाणे दोऱ्याने पाण्यात टांगून घनता काढतात. पद्धत बरोबर आहे, चूक काट्याची होते. एवढे नाणे पाण्यात फक्त ०.१२ ग्रॅमने हलके होते, ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्याने हा आकडा ०.११ दाखवला तर घनता १९ येते आणि ०.१३ दाखवला तर १६. एकदा जवळपास शुद्ध सोने, एकदा भेसळ, आणि नाणे तेच! मिलिग्रॅम मोजणारा काटा नसेल तर या चाचणीवर निर्णय घेऊ नये.

वजन थोडे जास्त भरल्यास आनंदून न जाता भिंगाखाली कड पाहावी. पुतळ्यांना माळेत ओवण्यासाठी जशी कडी लावतात, तशी ती याही नाण्यांना लावली जाई. ती काढल्यावर झाळकामाचा खडबडीत ठिपका कडेवर उरतो, आणि तिथले दाते सपाट झालेले असतात. हा दोष लपवण्यासाठी, किंवा निव्वळ हौसेने, सोनाराकडून उजाळा देऊन घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण राजाच्या केसांतील बारीक रेषा घासल्या गेल्या की त्या परत येत नाहीत.