दिव्यांगाला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, तर आधी कलम वाचा

"उद्या अकराला या, जबाब घ्यायचाय," असा फोन येतो आणि चालता न येणारा माणूस दोघांच्या आधाराने ठाण्याच्या पायऱ्या चढतो. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर याची काहीच गरज नसते. फोनवर शांतपणे एवढंच म्हणा: साहेब, लेखी नोटीस द्या. ती हातात आली की आधी कलम बघा.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास आणि अटकेची पद्धत ठरवणारा कायदा, लागू आहे. कलम 179 असेल तर तुम्ही साक्षीदार. शारीरिक किंवा मानसिक दिव्यांग, गंभीर आजारी, स्त्रिया, 60 वर्षांवरचे आणि 15 वर्षांखालचे पुरुष यांना राहत्या घराबाहेर हजर राहायला लावता येत नाही. जबाबासाठी पोलिसांनीच घरी यायचं. मात्र नुसतं घरी बसून राहू नका. "मी दिव्यांग आहे, जबाब घरी घ्यावा" असा दोन ओळींचा अर्ज यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स जोडून पाठवा आणि दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर राहत नाही. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे कलम 181 सांगतं. पंचनाम्याची गोष्ट वेगळी.

कलम 35(3) ची नोटीस मात्र संशयितासाठी असते. तिथे घरी येण्याची सवलत धरून चालू नका, कारण गैरहजेरी हेच अटकेचं कारण होऊ शकतं. ठरल्या दिवशी जमत नसेल तर आधीच लेखी तारीख मागा. गुन्ह्याची शिक्षा 3 वर्षांपेक्षा कमी आणि माणूस अशक्त किंवा साठीपुढचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. नागपूर शहरात तो सहायक पोलीस आयुक्त. इथेच लोक चुकतात. कार्डावर टक्केवारी असते, कायद्यातला शब्द 'अशक्त' आहे. म्हणून काय करता येत नाही, कोणती औषधं चालू आहेत, हे सांगणारं डॉक्टरांचं पत्रही जोडा.

वकिलाचे पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांगाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा 15100 वर फोन करा. अटक झाल्यावर चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क संहितेचं कलम 38 देतं, पण तो पूर्ण वेळ शेजारी बसेलच असं नाही.

कार्ड नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयातली तपासणी आजच मार्गी लावा. नाव आधारप्रमाणेच लिहा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं, तर तेच कार्ड संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जालाही लागतं.

अटक झालीच, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणं बंधनकारक आहे. त्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत औषधं, कुबड्या, व्हीलचेअर, अंगावरच्या जखमा, सगळं डॉक्टरांना सांगून लिहून घ्यायला लावा आणि अहवालाची प्रत मागा.