जुन्या गाडीच्या दाराचं पॅनेल: रेक्झिनच्या आधी पुठ्ठा बघा

दाराच्या पॅनेलवर नवं रेक्झिन चढवायचं असेल तर जुनं कापड फाडून फेकू नका. ते सावकाश सोलून काढा, तोच तुमचा मापाचा नमुना. कडेने 25-30 मिमी जादा ठेवून नवं कापा.

खरी गोम मात्र आतल्या हार्डबोर्डात, म्हणजे रेक्झिनमागच्या कडक पुठ्ठ्यात असते. खालची कड फुगलेली, पापुद्रे सुटलेली दिसली तर ती चिकटवत बसू नका. जुना बोर्ड नव्यावर ठेवून आखा आणि क्लिपांची भोकं अचूक उतरवा. भोक दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी पॅनेल दारावर बसताना रडवतं.

कॉन्टॅक्ट सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, बोर्डाला आणि रेक्झिनच्या पाठीला असं दोन्हीकडे लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. इथेच सगळे घाई करतात, मग उन्हात रेक्झिनला फुगे येतात. मधून कडांकडे हाताने दाबत जा. गोल कोपऱ्यावर मागच्या बाजूला छोटे त्रिकोणी काप दिले की चुण्या पडत नाहीत. मागे दुमडलेली कड ठोकायची स्टेपलची पिन बोर्डाच्या जाडीपेक्षा आखूडच हवी, नाहीतर टोक पुढून डोकावतं. हँडलच्या भोकावर सुरुवातीला फुलीसारखा छोटा कापच द्या.

बसवण्याआधी दाराच्या पत्र्यावर जाड प्लास्टिक लावा आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडा. काचेवरून दारात पाणी उतरतंच, ते खालच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर जायला हवं. ती भोकं तारेने मोकळी करा.